'लिटरली'चा अर्थ 2013 साली बदलला, हे खरे नाही

इंग्रजीतील 'लिटरली' (मूळ अर्थ 'शब्दशः, प्रत्यक्षात') या क्रियाविशेषणाविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. त्याचे म्हणणे असे की, आजच्या तरुणांनी हा शब्द बिघडवला, 2013 साली ऑक्सफर्डच्या कोशाने त्या चुकीपुढे मान तुकवली आणि आता या शब्दाचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे 'आलंकारिक अर्थाने' असा झाला आहे. त्यामागची भाषेविषयीची कळकळ मला मान्य आहे, पण ही तिन्ही विधाने चुकीची आहेत.

दोष तरुणांच्या माथी मारता येत नाही. केवळ जोर देण्यासाठी केलेल्या या अतिशयोक्त वापराचे ऑक्सफर्डच्या कोशात नोंदलेले एक उदाहरण 1769 सालचे, फ्रान्सिस ब्रुक यांच्या कादंबरीतील आहे. मार्क ट्वेनच्या 1876 मधील कादंबरीत टॉम सॉयर कुंपण रंगवण्याचे काम इतर मुलांच्या गळ्यात घालून 'लिटरली' संपत्तीत लोळू लागतो. ती संपत्ती म्हणजे गोट्या, पतंग आणि दोरीसकट एक मेलेला उंदीर.

2013 साली बातम्या झाल्या, एवढेच. ऑक्सफर्डच्या मूळ कोशाच्या 1903 मधील भागातच हा वापर नोंदलेला होता, तोही 'अयोग्य' अशा शेऱ्यासह. अमेरिकेतील वेब्स्टरच्या कोशाने तो 1909 मध्ये घेतला. शिवाय कोशात नोंद होणे म्हणजे शिफारस होणे नव्हे. लोक काय लिहितात हे पुराव्यानिशी सांगणे हे कोशकाराचे काम आहे.

खरा घोळ तिसऱ्या विधानात आहे. 'मी लिटरली हसून मेलो' या वाक्यात त्या शब्दाच्या जागी 'आलंकारिक अर्थाने' घालून पाहावे: वाक्याचा जोर संपतो आणि बोलणाऱ्याला जे सांगायचे होते त्याच्या उलट परिणाम होतो. अलंकार 'मेलो' या क्रियापदात आहे. 'लिटरली' त्याला केवळ बळ देतो. खरेपणा सांगणारे शब्द जोर देण्यासाठी वापरले जाणे इंग्रजीत जुनेच आहे. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसरच्या काळी 'व्हेरी' म्हणजे 'खरा' असा अर्थ होता, आज तो मुख्यतः 'फार' असा उरला आहे, आणि 'रिअली'ही त्याच वाटेने गेला. हा मजकूर पुढे पाठवणारे मराठी वाचकही 'अक्षरशः काळजाचे पाणी झाले' असे निःशंकपणे लिहितात, आणि त्यात कोणालाच विपर्यास दिसत नाही. मूळ अर्थही नाहीसा झालेला नाही: शब्दशः भाषांतराविषयी बोलताना इंग्रजी लेखक आजही हाच शब्द वापरतात.

तरीही बातमीत किंवा अहवालात मी हा सैल वापर टाळावा असेच म्हणेन. 'दिवाळे निघून मालक लिटरली रस्त्यावर आला' असे वाचल्यावर त्याचे घर गेले की केवळ धंदा बुडाला, हे वाचकाला कळत नाही, आणि बातमीत तेच कळणे आवश्यक असते.