सव्वासहा किलोची राणी

क्वीन एलिझाबेथ टू हे ब्रिटिश प्रवासी जहाज, म्हणजे आपली क्यूई-टू, हिचं पाण्यात चालणारं मॉडेल करायचं ठरवलं की लाकूड, मोटर, रंग हे सगळं नंतर, पहिला प्रश्न येतो की कुठल्या सालची करायची. बघणाऱ्याला वाटतं जहाज ते जहाज, त्यात साल कसलं आलंय. पण ही बाई १९६९ ला पहिल्या सफरीला निघाली ती २००८ ला दुबईला जाऊन बसली आणि मधल्या काळात तिने जे काय नखरे केलेत ते लिहून ठेवता ठेवता माझी अख्खी दोनशे पानी वही संपली. आधी धुरांडं पांढरं आणि सडपातळ. १९८२ ला फॉकलंडच्या लढाईसाठी ब्रिटिश सरकारने तिला ताब्यात घेतलं, तीनेक हजार सैनिक पोचवून आली आणि लगेच नवा अवतार, धुरांडं लाल, अंग फिकट करडं. ते करडं लोकांना आवडेना आणि स्वच्छ ठेवता येईना, वर्षभरात गेलं. मग १९८६-८७ ला वाफेची सगळी यंत्रणा उपटून नऊ डिझेल इंजिनं बसवली, त्या नऊ जणांचा धूर बाहेर काढायला धुरांडं जाड झालं. १९९४ ला अंग निळं. पुढे परत काळपट करडं. मी ही शेवटची काळपट निवडली, एकतर मॅट रंगात घासकामातले उंचवटे लपतात आणि दुसरं म्हणजे दुबईत मेहुणा आहे.

मेहुण्याचं असं, की क्यूई-टू तिथे पोर्ट रशीदला उभी आहे आणि २०१८ पासून तिचं हॉटेल झालंय. तो बिचारा लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला घेऊन तिथे एक रात्र राहायला गेला, मला कळलं आणि मी त्याला व्हॉट्सॅपवर यादी पाठवली. लाईफबोटी ज्या आकड्यांना टांगलेल्या असतात त्यांचे दोन्ही बाजूने फोटो, वरच्या डेकच्या कठड्याला आडव्या दांड्या किती, नांगराच्या साखळीचं तोंड जवळून. मेहुणा सज्जन आहे, सगळं काढलंन त्याने. त्या दिवसाच्या एकूण फोटोंत त्याच्या बायकोचं फक्त एक कोपर आलंय, पण कोपराच्या मागचा बोटीचा आकडा इतका स्पष्ट आलाय की मी तो फ्रेम करून टेबलावर ठेवला होता. वहिनी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

आता स्केल. खरी क्यूई-टू ९६३ फूट लांब आणि रुंदीला १०५ फूट, कारण पनामा कालव्याची दारं ११० फुटी होती आणि तिला अटलांटिकपासून जगभर सगळीकडे फिरवायची होती, म्हणजे डिझाईन करणाऱ्यांनी आधी कालवा मोजला आणि मग जहाज आखलं. मी पण तेच केलं. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीची लिफ्ट हा माझा पनामा. शंभराला एक केलं तर मॉडेल साडेनऊ फुटांच्या वर जातं, ते लिफ्टमध्ये तिरकं पण बसत नाही. दोनशेला एक केलं की पावणेपाच फूट आणि वर थोडं, उभं केलं की दार लागतं. शिवाय वजनाची भानगड आहे. लांबी निम्मी केली की वजन निम्मं नाही होत, आठवा भाग होतं, कारण रुंदी आणि उंची पण निम्मी झालेली असते. खरं भरलेलं जहाज साधारण ५०,००० टन. शंभराला एक म्हणजे ५० किलो, दोनशेला एक म्हणजे सव्वासहा किलो. बायकोला हे गणित दाखवलं तर म्हणाली, "बरं, आणि हजाराला एक केलं तर?" मी म्हटलं पन्नास ग्रॅम. "मग ते कर ना."

तर दोनशेला एक. फ्रेमची ड्रॉइंग्ज नीट मापात आखून पेन ड्राईव्हमध्ये घालून झेरॉक्सवाल्याकडे नेली, त्याला चारचारदा बजावलं की ॲक्च्युअल साईज, फिट टू पेज नको. तो हो साहेब हो साहेब म्हणत राहिला आणि अर्धी पानं बरोबर काढली, मग लाईट गेली, लाईट आल्यावर उरलेली अर्धी त्याच्या पोऱ्याने काढली ती फिट टू पेज. घरी येऊन सगळी पानं चिकटवल्यावर जहाजाची डावी बाजू उजवीपेक्षा तीन टक्के बारीक. परत गेलो तर म्हणतो, "साहेब तीन टक्के कोण बघतंय?" आता याला काय सांगू, पाणी बघतं.

चार एमएमच्या प्लायवूडच्या फ्रेमा उभ्या केल्या, त्यावर बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, त्यावर फायबरग्लासची मॅट आणि रेझिन. रेझिनचा वास तळमजल्यापर्यंत गेला. समोरच्या काकू दार उघडून म्हणाल्या, "काय हो, पेस्ट कंट्रोल का? आमच्याकडे पण पाठवा." आणि पावसाळ्यात हे काम करू नये असं सगळे सांगतात ते खरंय, हवेत ओल असली की रेझिन चिकटच राहतं आणि ड्यूको रंग मारला की पांढरट धुरकट पडतो, पण मग करायचं कधी, उन्हाळ्यात पाहुणे असतात आणि दिवाळीत टेबल लागतं. टेबल म्हणजे डायनिंग टेबल. सहा माणसांचं टेबल आणि पावणेपाच फुटी जहाज यांचं माप इतकं जुळतं की टेबल बनवणाऱ्या सुताराला क्यूई-टू माहीत असावी. आम्ही सगळे सोफ्यावर मांडीत ताटं घेऊन जेवायला लागलो.

खरा छळ मात्र लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा. लांबी भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपरने घासायची, मग हात फिरवायचा. डोळ्याला काही दिसत नाही हो, बोटाला कळतं. डोळे मिटून नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत तळहात फिरवत न्यायचा, कुठेतरी एक केसभर खोलगट लागतं, तिथे पेन्सिलीने गोल करायचा, परत लांबी, परत घास. आधी ऐंशी नंबरचा पेपर, मग दोनशेवीस, मग चारशे पाणी लावून. एक खड्डा बुजवला की त्याच्या शेजारचा भाग जो आतापर्यंत सपाट होता तो उंच वाटायला लागतो. ही पांढरी धूळ घरभर. आई एकदा पोहे खाता खाता थांबली आणि म्हणाली, "अरे, मीठ कमी आहे पण काहीतरी दुसरं जास्त आहे."

वरच्या मजल्यांचा नियम वेगळा. खाली कितीही जड चालतं, वर हलकंच लागतं, नाहीतर जहाज कलतं. खऱ्या क्यूई-टू ला पण हाच घोर होता म्हणून खालचं अंग पोलादाचं आणि वरचा डोलारा ॲल्युमिनियमचा केला, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात आणखी एक मजला चढवता आला. मी एक एमएमची प्लॅस्टिक शीट वापरली. कठडे दोनशेला एकमध्ये साडेपाच मिलीमीटर उंच येतात, पितळेचे तयार बाहेरून मागवले तर कस्टमसकट जो आकडा येतो त्यात घराचे खरे ग्रिल बदलून होतील, म्हणून मच्छरदाणीची जाळी ताणून, त्यावर पातळ रेझिन मारून, ब्लेडने पट्ट्या कापल्या. खिडक्या दीड एमएमच्या ड्रिलने एकेक पाडायच्या. आत एलईडी. पहिल्यांदा दिवे लावले तेव्हा खिडक्यांतून उजेड आलाच पण रंगवलेल्या भिंतीतून पण आला, सगळं जहाज आतून लालसर चमकायला लागलं. मुलगी म्हणाली, "बाबा, याला ताप आलाय." मग उघडून आतून काळा रंग, तो वाळेपर्यंत परत सोफ्यावर जेवण.

मोटरी दोन, पंखे दोन, एकमेकांच्या उलट फिरणारे. शाफ्टच्या नळीत ग्रीस भरायचं म्हणजे पाणी आत येत नाही, असं म्हणतात. पंख्यांच्या बाबतीत मला एका गोष्टीचा फार धीर आला. १९८७ ला इंजिनं बदलली तेव्हा मुख्य पंख्यांच्या मागे मोकळे फिरणारे जादा पंखे बसवले होते, इंधन वाचावं म्हणून, आणि ट्रायललाच त्यांची बरीचशी पाती तुटून समुद्रात गेली. जर्मनीतल्या बंदरात एवढे मोठमोठे इंजिनियर बसून हे होतं तर आमच्या डायनिंग टेबलावर शाफ्ट थोडा थरथरला म्हणून एवढा गहजब करायचं काही कारण नव्हतं. बायको म्हणते गहजब थरथरण्याचा नव्हता, ग्रीस उशीच्या अभ्र्याला पुसलं त्याचा होता.

मग वजन. सगळं जोडून ते सव्वासहा किलो भरायला पाहिजे, तरच पाणी बरोबर रंगाच्या रेघेवर येतं. तराजू म्हणून मेहुण्याने बॅगा मोजायला दिलेला तो लटकता काटा वापरला, जहाज पट्ट्यात घालून पंख्याच्या हुकाला टांगलं. दीडेक किलो कमी भरलं, ते तळाशी घालायचं. शिसं सगळ्यात बरं, म्हणून चेंदणी कोळीवाड्यात गेलो, जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या घ्यायला.

"जाळं केवढं हाय?" दुकानातल्या म्हाताऱ्याने विचारलं.

"जाळं नाही मामा, जहाज आहे."

"मंग शिसं कशाला? बुडवायचंय?"

"थोडंसं. पाच सेंटीमीटर."

म्हाताऱ्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि दीड किलोच्या जागी पावणेदोन दिलं. पैसे दीडचेच घेतले.

घरात टब नाही, म्हणून तरंगायची ट्रायल गच्चीवर, पोरांचा हवा भरायचा गोल टब लावून. अडीचशे लिटर पाणी लागलं. नेमका त्या आठवड्यात पाणीकपातीचा बोर्ड लिफ्टशेजारी लागलेला. सेक्रेटरी वर आले, टब बघितला, जहाज बघितलं, मला वाटलं आता नोटीस. पण ते वाकून बसले आणि म्हणाले, "डावीकडे कलतंय हो." तीन गोळ्या उजवीकडे सरकवल्या. "आता मागून बसलंय." दोन पुढे. असं अर्धा तास चाललं, शेवटी पाणी रेघेला लागलं तेव्हा त्यांनी स्वतःच टाळी वाजवली आणि मग एकदम पदावर आले, "हे पाणी आता खाली बागेत सोडायचं, बादलीने. एक थेंब वाया जाता कामा नये." चार मजले.

खरी परीक्षा तलावपाळीला. इथे वेगाचा प्रश्न येतो. खरी साडेअठ्ठावीस नॉट, म्हणजे ताशी बावन्न किलोमीटरच्या वर पळायची. त्याला दोनशेने भागलं तर सेकंदाला सात सेंटीमीटर, कासवसुद्धा ओव्हरटेक करेल. पण फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनियरने एकोणिसाव्या शतकात छोट्या मॉडेलांवरच हिशेब मांडून ठेवलाय, वेगाला दोनशेच्या वर्गमुळाने भागायचं, म्हणजे चौदाने. येतो सेकंदाला एक मीटर. त्या वेगाला नाळेशी पाणी जसं फुटतं ते बरोबर खऱ्या फोटोतल्यासारखं दिसतं, आणि हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी काठावरून तिच्याबरोबर चालत होतो आणि तोंडाने भोंगा वाजवत होतो, असं मुलीच्या व्हिडिओत आहे. गर्दी जमली. पहिल्या मिनिटातच "टायटॅनिक, टायटॅनिक" सुरू. एकाला समजावून सांगितलं की ही टायटॅनिकपेक्षा ऐंशी फूट लांब आणि कधी बुडाली नाही, तर तो शेजाऱ्याला म्हणाला, "टायटॅनिक टू आहे."

तेवढ्यात पायडलची बोट आली. आत एक जोडपं, भांडण ऐन रंगात, दोघंही वेगवेगळ्या दिशेने पायडल मारत होते. त्या बोटीची लाट उठली चार बोटं. चार बोटं म्हणजे राणीच्या हिशेबाने चौदा मीटर. १९९५ च्या सप्टेंबरात लुईस वादळात खऱ्या क्यूई-टू वर साधारण ९५ फुटांची लाट आली होती, कॅप्टन वॉरविकना समोर इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे डोव्हरचे पांढरे कडेच आल्यासारखे वाटले होते आणि त्यांनी जहाज सरळ लाटेच्या तोंडावर धरलं. मी पण रिमोटची काडी दाबून नाळ लाटेकडे वळवली. नाळ वर गेली, खाली आली, पुढच्या डेकवरून पाणी वाहून गेलं, मच्छरदाणीचा कठडा दोन इंच गेला, बाकी शाबूत. कोळीवाड्यातलं ते पाव किलो जास्तीचं शिसं मी काढायचं विसर... नाही, विसरलो नव्हतो, मुद्दाम ठेवलं होतं. पायडलवाल्या बाई ओरडल्या, "सॉरी काका!" आणि परत नवऱ्याकडे वळल्या.

हा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर गेला आणि आता गणपती मंडळाची पोरं घरी येऊन गेलीयत. यंदाचा देखावा "सागराची राणी". बाप्पा मधल्या डेकवर बसवायचे, धुरांड्यातून उदबत्तीचा धूर काढायचा, आणि अंग भगवं करायचं. मी म्हटलं, मूर्ती दोन किलोची, वर एवढं वजन दिलं की ती कलणार. "काका, पाण्यात कुठे घालायचीय, स्टेजवर तर ठेवायचीय!" भगवं मात्र मी होऊ देणार नाही, त्या मॅट करड्यासाठी मी चारशेचा पेपर किती झिजवलाय ते मला माहीत. आई म्हणते बाप्पाला नाही म्हणू नये, बायको म्हणते टेबल मोकळं होतंय तर जांभळं केलं तरी चालेल. सेक्रेटरींचं फक्त एवढंच म्हणणं आहे की आरतीला भोंगा वाजलाच पाहिजे आणि तो वाजवायचा मान त्यांचा. रविवारी त्यावर मीटिंग आहे. मी मेहुण्याला फोन करून विचारलंय की खरा भोंगा कुठल्या पट्टीत वाजतो, तर फोन वहिनींनी उचलला आणि ठेवला.