आई सातलाच दार का लावते?

इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये रात्रपाळी संपवून मी घरी येतो तेव्हा गोव्यात, आमच्या पेडण्यात दुपार होत आलेली असते. तेव्हाच आईला फोन करतो. परवा ती म्हणाली, "भजनाला जात नाही रे आता. सातलाच दार लावते." देऊळ पाच मिनिटांवर आहे आणि आमच्याकडे आजवर कधी चोरी झालेली नाही.

चोरांच्या भीतीबद्दल गावात सध्या दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, बाहेरून आलेल्या भाडेकरूंची पोलीस पडताळणी करा. दुसरी म्हणते, पोलिसांकडे तक्रारीच नाहीत, तर घाबरता कशाला? आईचं सुटलेलं भजन यातल्या कुणाच्याच हिशेबात नाही. पोलिसांचे आकडे तक्रारींचे असतात, भीतीची तक्रार कोण नोंदवणार?

इंग्लंडमध्ये 1982 पासून घरोघरी जाऊन गुन्ह्यांचं सर्वेक्षण करतात. त्यातला जुना प्रश्न असा: अंधार पडल्यावर या भागात एकटं चालताना किती सुरक्षित वाटतं? प्रश्नात गुन्ह्याचा उल्लेखच नाही, त्यामुळे काळोख आणि कुत्रीसुद्धा चोरांच्या खात्यात जातात. पुढे गुन्हेशास्त्राचे अभ्यासक स्टीफन फॅरल आणि सहकाऱ्यांनी वेगळं विचारलं. वर्षभरात गुन्ह्याची भीती खरंच कधी वाटली का? किती वेळा? शेवटच्या वेळी किती भीती वाटली? असं विचारल्यावर भीतीचं प्रमाण बरंच कमी निघालं. मनात सतत असलेली धास्ती वेगळी आणि एखाद्या वेळी छातीत होणारी धडधड वेगळी.

मी आईला हेच विचारलं. आधी म्हणाली, "रोजच." मग आठवून म्हणाली, दोनदा. एकदा पिंपळाजवळचा दिवा बंद होता आणि एक मोटरसायकल तिच्याशेजारी येऊन हळू झाली. दुसऱ्यांदा कुत्री अंगावर आली. बाकीचं 'रोजच' मोबाइलवर फिरणाऱ्या चोरीच्या व्हिडिओंचं होतं. तिची भीती खोटी आहे असं मी मुळीच म्हणत नाही, तिचं भजन खरंच बंद झालंय. पण पिंपळाजवळचा दिवा अजून लागलेला नाही, आणि तो पडताळणीने लागणार नाही.

शेजारच्या मागच्या दोन खोल्यांत बाहेरून आलेले कामगार राहतात. गावाची नजर त्यांच्यावर. इथे इंग्लंडमध्ये त्या जागी मी आहे. जुलै 2024 च्या अखेरीस साउथपोर्ट या शहरात झालेल्या हत्यांनंतर इंग्लंडच्या अनेक शहरांत स्थलांतरितांविरुद्ध दंगली झाल्या, तेव्हा आठवडाभर आम्ही पाळीवरचे चौघे एकत्रच घरी परतायचो. आम्हाला कुणी बोटही लावलं नाही. कुठल्याच नोंदवहीत आमचा तो आठवडा नाही.

पंचायतीने भाडेकरूंची यादी जरूर करावी. पण त्याच फेरीत प्रत्येक घरात हे तीन प्रश्न विचारावेत, आणि त्या दोन खोल्यांतही. तिथले कामगार रात्री त्याच पिंपळाखालून परततात.