लंडनची बॅरिस्टरी आणि पर्वरीचं कोर्ट: खुलासा

पणजी-मडगावच्या लॉच्या विद्यार्थ्यांत एक मेसेज फिरतोय: लंडनला बॅरिस्टर झालं की मानवी हक्कांचे खटले कुठंही, अगदी पर्वरीच्या उच्च न्यायालयातही लढता येतात, मात्र शिकवायला लागलं की वकिली बंद. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

इंग्लंडमध्ये चारपैकी एका 'इन'चं (बॅरिस्टरांच्या संस्थेचं) सदस्यत्व घेऊन बारचं शिक्षण पुरं केलं की बॅरिस्टर ही ओळख मिळते. पण वकिली करायला पुढे साधारण 12 महिन्यांची उमेदवारी लागते. पहिले सहा महिने ज्येष्ठाच्या हाताखाली कागद वाचायचे, टिपणं काढायची; स्वतःची केस त्यानंतर. ही जागा मिळणंच महाकठीण. आईवडिलांनी कर्ज काढण्याआधी हे त्यांच्या कानावर घालाच.

भारतात 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्यानुसार वकिली करणारा वर्ग एकच, अ‍ॅडव्होकेट. त्यासाठी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना हवा; नुसती लंडनची बॅरिस्टरी पुरत नाही. गोव्यात ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल देते. आणि 'कुठंही' म्हणाल, तर स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात भारताविरुद्ध दाद मागता येत नाही, कारण ते न्यायालय ज्या युरोपीय करारावर चालतं, त्यात भारत नाही.

शिकवण्याचं म्हणाल, तर केंद्र सरकारच्या 1979 च्या नियमांनुसार वकिली सांभाळून दिवसाला 3 तासांपर्यंत कायदा शिकवता येतो.