दोन पोल जोडले म्हणजे प्रोब होत नाही

थंडी पडली की गुलमर्गला निघालेल्या ट्रेकर मंडळींच्या मोबाइलवर एक सल्ला फिरू लागतो : ‘प्रोबवर पैसे घालवू नका. एकमेकांना जोडता येणारे स्की-पोल घ्या, वजन वाचतं. बीकन असला की प्रोब नावालाच. घ्यायचाच तर कार्बनचा घ्या. आणि पोलचे पट्टे मनगटात घट्ट अडकवा, म्हणजे हरवत नाहीत.’ प्रोब म्हणजे हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायला बर्फात खुपसायची घडीची लांब काठी; बीकन म्हणजे प्रत्येकाने अंगावर बांधायचं, रेडिओ संकेत सोडणारं आणि पकडणारं यंत्र.

वजनाचं आधी बघू. 240 सेंटिमीटरचा अॅल्युमिनियमचा प्रोब पाव किलोच्या आसपास भरतो. हौसेनं सोबत घेतलेला बाकरवडीचा पुडा तेवढाच असतो, आणि तो कुणी घरी ठेवत नाही. हे पाव किलो वाचवून गमावतो काय? प्रोब झटकून दोरी ओढली की नळ्या एकमेकांत बसतात. सराव असेल तर काही सेकंदांचं काम. उलट पोलच्या टोकाजवळच्या चकत्या काढा, मुठी सोडवा, आटे जुळवा. तेही आट्यांत बर्फ गोठलेला असताना, जाड हातमोज्यांनी, मित्र खाली गाडलेला असताना. एवढं करून हाती येते जेमतेम दोन मीटरची जाड काठी, जी लोंढ्याच्या घट्ट बसलेल्या बर्फात धड शिरत नाही. शिवाय धावपळीत हातातून आधी सुटतात ते पोलच. प्रोब पाठीवरच्या सॅकमध्ये राहतो. असे पोल एके काळी बऱ्यापैकी खपायचे, म्हणून सल्ला अगदीच हवेतला वाटत नाही इतकंच.

बीकनचा मुद्दा जास्त घातक, कारण तो पटतो. बीकन तुम्हाला माणसाच्या जवळ नेतो, माणसापर्यंत नाही. खोल गाडलेला असेल तर बीकनवर अंतराचा सर्वांत कमी आकडा जिथे दिसतो ती जागाही थोडी चुकू शकते. तिथून प्रोब उताराला काटकोनात खुपसत, साधारण 25 सेंटिमीटरच्या अंतराने गोल गोल बाहेर सरकायचं. जमीन टणक लागते, माणूस किंचित दबतो. लागला की प्रोब तसाच रोवून ठेवायचा आणि उताराच्या खालच्या बाजूने फावडं चालवायचं. एक मीटर खोल गाडलेल्या माणसापर्यंत पोचायला टनभर बर्फ उपसावा लागतो. तो चुकीच्या जागी उपसलात तर? पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या 10 मिनिटांत निघाला तर वाचण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या आसपास. अर्ध्या तासाने ती एक तृतीयांशावर येते. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, अफरवट डोंगरावर जवळपास 3,950 मीटरवर सोडतो. गस्तीपथकाच्या देखरेखीखालचा उतार सोडून शेजारच्या घळीत वळलात की ती 10 मिनिटं फक्त तुमच्या टोळक्याची. फेब्रुवारी 2023 आणि फेब्रुवारी 2024, दोन्ही वर्षी याच डोंगरावर हिमस्खलनात परदेशी स्कीपटू गेले.

कार्बन? हलका आणि ताठ, पण वेडावाकडा दाब आला तर तडकतो. वर्षातून आठवडाभर जाणाऱ्याला अॅल्युमिनियम पुरे. लांबी मात्र 240 च्या खाली नको.

पट्ट्यांचा सल्ला तर उलटाच. हिमस्खलनाच्या उतारावर हात पट्ट्यांतून बाहेर हवेत. लोंढ्यात पोल नांगरासारखे हात खाली ओढतात, तोंडासमोर हवेची जागा करायला हात मोकळा राहत नाही. हरवला पोल तर हरवू दे.

पोल घेताना बघायचं ते वेगळंच. सह्याद्रीत वापरता ते ट्रेकिंग पोल नेलेत तर छोटी चकती भुसभुशीत बर्फात मुठीपर्यंत बुडते; रुंद चकती लावा. लांबी बदलणारा पोल घ्या, चढताना थोडा लांब, उतरताना आखूड. पिळून घट्ट करायचा नको, तो थंडीत सरकतो. खटक्याचा घ्या, हातमोजा न काढता उघडतो. आणि पोलने बर्फात खुपसून बघायचंच असेल तर चढताना उलटा धरून मूठ हळूहळू दाबत जा. वरचा थर कडक आणि खाली एकदम पोकळ लागलं, तर त्या उतारावर जाऊ नका.