मी उठून राहिलो होतो

इंदूरच्या माणसाला पावडर म्हटलं की पोह्यांवर भुरभुरलेलं जीरावन आठवतं. त्यामुळे गुलमर्गच्या हॉटेलात नाश्त्याला बसलो असताना आमचा स्की-शिक्षक खिडकीबाहेर बोट दाखवून "जनाब, आज तो पावडर है!" म्हणाला, तेव्हा मी आधी टेबलावरच्या डब्या चाचपल्या.

लेकीच्या हट्टापायी आम्ही जानेवारीत तिथे गेलो होतो. साधारण 550 मीटरवर राहणारी माणसं एकदम 2,650 मीटरवर. इंदुरात उतार म्हणजे रालामंडलची टेकडी, आणि ती उतरतानाही मी लेकीचा खांदा धरतो. तरी पहिले तीन दिवस बरे गेले. तिथला बर्फ चोपून घट्ट केलेला होता. स्कीची पुढची टोकं एकमेकींकडे आणायची, मागची फाकवायची, की वेग मरतो. शिक्षक त्या आकाराला पिझ्झा म्हणे, मी मनात समोसा म्हणून पाठ केलं. तिसऱ्या दिवशी माझा समोसा इतका खुसखुशीत जमला की मी बायकोला दोन सूचनाही केल्या. त्या तिने अजून विसरलेल्या नाहीत.

त्या रात्री धो धो बर्फ पडला. आमच्या माळव्यात थंडीत मावठा पडतो ना, तो ज्या पश्चिमेकडच्या, भूमध्य समुद्रावरून येणाऱ्या हवेच्या कृपेने पडतो, तीच हवा काश्मिरात बर्फ पाडते. मावठ्याने आमच्याकडे गव्हा-हरभऱ्याचं भलं होतं. इथे तो माझ्या मांडीपर्यंत आला. मुठीत घेऊन दाबला तर लाडू वळेना, पाक कमी पडलेल्या रव्यासारखा नुसता भुगा. हीच ती शिक्षकाची पावडर. कडाक्याच्या थंडीने तो असा कोरडा राहतो म्हणे, आणि याच भुग्यासाठी परदेशातून माणसं येतात. गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्यांच्या, रांगेत ती सगळी माझ्या पुढे होती, आणि सगळी आनंदात होती.

आम्ही पहिल्या टप्प्यावर, कोंगदूरीला उतरलो. दुसरा टप्पा अफरवट शिखराकडे जातो, पण तिकडे बघायचंही मी टाळलं. उतारावर आलो आणि सवयीने समोसा केला. दोन्ही स्की भुग्यात रुतल्या, मी मात्र पुढे गेलो.

"पिझ्झा भूल जाइए जनाब," शिक्षक म्हणाला. तीन दिवसांचं शिक्षण एका वाक्यात रद्द! इथले नियमच उलटे. पाय जवळ ठेवायचे, दोन्हींवर सारखा भार द्यायचा, नाहीतर एक स्की तरंगते, दुसरी बुडते आणि मधल्या माणसाची फाळणी होते. आणि सरळ खाली सुटायचं, कारण वेग आला तरच स्की वर येतात. घाबरलेल्या माणसाला घाई करायला सांगणारं हे शास्त्र कुणी काढलं असेल? मी आपला मागे रेललो, उतरणीवर बैल धरल्यासारखा. दहा-बारा मीटरांत मांड्या पेटल्या आणि मी बसलो.

पडण्याबद्दल माझी तक्रार नाही. इतक्या मऊ जागी मी सासरीही बसलेलो नाही. खरी कथा पुढे आहे. उठायला हात टेकला, तो कोपरापर्यंत आत. दुसरा टेकला, तोही आत. काठी रोवली, ती मुठीपर्यंत गेली. जमीन नावाची जी वस्तू आपण जन्मभर गृहीत धरतो, ती तिथे नव्हतीच.

वरून लेक ओरडली, "बाबा, काय करून राहिले?"

"उठून राहिलोय!"

पुण्याचे आमचे नातेवाईक या 'करून राहिलो'ला फार हसतात. म्हणतात, 'उठतोय' म्हणा. पण 'उठतोय' म्हणणारा माणूस थोड्या वेळाने उठलेला असतो. मी वीस मिनिटं उठून राहिलो होतो. त्या क्रियेला पुण्याच्या मराठीत काळच नाही.

"अहो, जरा इकडे बघा ना," बायको मोबाइल धरून म्हणाली. मी बघितलं. तो फोटो आता सगळ्या कुटुंबाच्या ग्रुपवर आहे.

शेवटी शिक्षकाने युक्ती सांगितली. दोन्ही काठ्या बर्फावर फुलीसारख्या आडव्या टाकायच्या आणि फुलीच्या मध्यावर हात देऊन उठायचं. उठलो! आणि लक्षात आलं की पायात एकच स्की आहे.

मी खालच्या बाजूला उकरायला लागलो. शिक्षक वर गेला. स्की जिथे सुटते तिथेच भुग्यात शिरून थांबते, गडगडत पुढे जातो तो मालक. शिक्षक काठीने ओळीने टोचत गेला, आजी गादीत हरवलेली सुई शोधायची तसा. चौथ्या ओळीत 'टक्' झालं. मग पाय आपटून उभं राहण्यापुरता ओटा करा, बुटाच्या तळाचा बर्फ खरवडा, कारण चिमूटभर राहिला तरी बूट स्कीत अडकवणारा खटका बसत नाही. माझा बसला सहाव्यांदा.

त्यानंतर एकदा, फक्त एकदा, मी खरंच सुटलो. पाय जवळ, अंग सैल, आवाज कसलाच नाही. स्की वर आल्या, गुडघ्याशी भुगा उडाला. तीन वळणं झाली. ती मोजायला गेलो आणि चौथ्या वळणावर पुन्हा उठून राहिलो.

इंदूरला परतलो त्या आठवड्यात रामबागेत भाच्याची मुंज होती. पंगत खाली, पाटावर. श्रीखंड झालं, मठ्ठा झाला, विडे आले, माणसं उठली. मी दोन्ही हात फरशीवर टेकले. फरशी घट्ट होती, पण मांड्या अजून कोंगदूरीलाच होत्या.

समोरून लेक आली, दोन टिपऱ्या हातात नाचवत.

"बाबा, फुली करून देऊ?"