हक्कसोडपत्रावर सही करणार नाही म्हणजे नाही!

अप्पांचं, माझ्या वडिलांचं, वर्षश्राद्धही व्हायचंय अजून, आणि तलाठ्याकडे वारसनोंदीला गेले तर पहिला प्रश्न काय? "ताई, हक्कसोड कधी करताय?" म्हणजे जमिनीतला माझा वाटा भावाला सोडून द्यायचा! अर्जात सगळ्या वारसांची नावं आहेत, मृत्यूचा दाखला जोडलाय, आणि हा बाबा माझ्या डोक्यावरून मागे उभ्या दादाशी बोलतोय! "बहिणींच्या सह्या घेऊनच या, म्हणजे एकदाच काम होईल." अहो, अर्ज मी दिलाय. समोर मी बसलेय. माझ्याशी बोला ना!

सोडणार नाही म्हटलं, तर म्हणे, "बरं, मग सातबाऱ्यावर तुमचं नाव इतर हक्कात टाकू." का म्हणून? त्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढवतात, विहिरीतला हिस्सा लिहितात. मी काय अप्पांच्या जमिनीवरचा बोजा आहे? दादाचं नाव कब्जेदारात, म्हणजे मालकाच्या जागी, आणि माझं तिथे, हे कुठल्या कायद्यात बसतं ते दाखवा. महाराष्ट्राने १९९४ सालीच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली, केंद्राने २००५ मध्ये. बाप तेव्हा हयात असो-नसो, मुलीचा हक्क जन्मानेच, असं सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं. तरी आमच्याकडे तेच, "लग्नात खर्च केला की, अजून काय पाहिजे?" दादाच्या लग्नात मांडव फुकट पडला होता का?

आणि दादा! तोंडातून एक शब्द नाही. भाऊबीजेला ओवाळून घ्यायला बरा येतो.

आत्याचंही असंच झालं. सगळी जमीन ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून थोरल्या काकांच्या नावावर, आणि तिच्याकडून हक्कसोड. कागदावर 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय', आणि आत्या निबंधकाच्या कचेरीत अंगठ्याची शाई पदराला पुसत रडत होती. पुढे नवरा गेल्यावर माहेरी चार दिवस राहायला आली, तर काकू तिसऱ्या दिवशी विचारते, "परतीची गाडी कितीची?"

कुठेही जा, हेच. फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो, सोसायटीचं पत्र ह्यांच्या नावाने येतं. बँकेत माझंच खातं, तरी "मिस्टर आलेत का?" डोकं फिरतं नुसतं.

आता काल रात्रीपासून मावशीचे फोन. "सही करून टाक बाई, माहेर तुटेल." दादाला एक फोन केला का तिने? नाही. मावशी, ऐक, मी सही करणार नाही. नाव इतर हक्कात गेलं तर फेरफाराला, म्हणजे त्या नोंदीला, हरकत घेणार, मंडळ अधिकाऱ्याने ऐकलं नाही तर प्रांताधिकाऱ्याकडे अपील करणार. धाकट्या बहिणीलाही सांगितलंय, कोणी कागद पुढे केला तर आधी मला फोन कर.