सर कशाने येणार आहेत?

२७ जानेवारी आली की मला स्टिलवॉटर आठवतं. अमेरिकेतल्या या गावात, ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात मी एम.एस. केलं. तिथल्या बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये गुडघा टेकलेल्या काउबॉयचा ब्राँझचा पुतळा आहे. आधी वाटलं, कुणा जुन्या खेळाडूचा असेल. मग दहा नावं वाचली.

२००१ साली याच तारखेला मुलांची टीम कोलोरॅडोतली मॅच हरून तीन छोट्या विमानांनी परत निघाली. दोन पोचली. तिसरं कोलोरॅडोतल्याच स्ट्रासबर्गजवळच्या माळावर कोसळलं. दोन खेळाडू, स्टाफ, रेडिओवर मॅच सांगणारे निवेदक, दोन्ही पायलट, कुणीच वाचलं नाही. कोच एडी सटन यांनी दहाही घरांना स्वतः फोन केले. ते फोन कसे केले असतील, मला अजून कल्पना करवत नाही.

चौकशीत निघालं ते असं. ढगांत असताना विमानातल्या काही उपकरणांची वीज गेली. पायलटला वर-खाली, डावं-उजवं काही उमगेना आणि चालू असलेल्या उपकरणांवर विमान सावरता आलं नाही. त्यानंतर विद्यापीठाने खेळाडूंच्या विमानप्रवासाचे नियम कडक केले. ते मनापासून केले होते, यात मला शंका नाही.

पण १७ नोव्हेंबर २०११ ला, मी तिथे शिकत असतानाच, मुलींच्या टीमचे कोच कर्ट बडकी आणि सहायक कोच मिरांडा सर्ना आर्कान्सामध्ये नवी खेळाडू बघायला एका छोट्या पायपर विमानातून गेले. ओक्लाहोमा राज्याचे ८२ वर्षांचे माजी सिनेटर ते विमान चालवत होते, शेजारी त्यांच्या पत्नी. जंगलात कोसळलं. चौघंही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये बातमी आली तेव्हा कुणी बोलेचना. दुपारी मी पुतळ्यापाशी गेलो. दोन मुली फरशीवर बसल्या होत्या. एकीच्या हातात फुलं होती, पण तिच्याने ती खाली ठेववत नव्हती. बराच वेळ ती नुसती देठं चाचपत राहिली.

मग कळलं की ते कडक नियम खेळाडूंसाठी होते. कोच कशाने जातात, हे त्यांच्यावरच सोडलेलं होतं. मला आजही याचाच राग आहे. दहा माणसं गेली त्यात खेळाडू दोनच होते, तरी नियम करताना डोळ्यांसमोर फक्त खेळाडूच कसे राहिले? मोठ्या माणसाला आपण गृहीत धरतो. जातील ते, त्यांना कळतं!

बडकींच्या टीममधल्या मुली पुढे खेळल्या आणि २०१२ ची डब्ल्यूएनआयटी ही मुलींची कॉलेज बास्केटबॉल स्पर्धा जिंकल्या. ते पाहून मी ढसाढसा रडलो होतो.

आपल्याकडे विमान नसतं, टेम्पो असतो. एकांकिका स्पर्धेहून आम्ही रात्रभर तसे परत यायचो. सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचे, त्याला झोप लागू नये म्हणून त्याच्याशी बोलत. दिवसभर उभं राहून सरही दमलेले असायचे, हे आमच्या कुणाच्या मनातही आलं नाही.

परवा पुतणीची टीम मॅचला निघाली. गाडी चांगली आहे का, ड्रायव्हर दोन आहेत का, सगळं विचारून झालं. शेवटी विचारलं, सर कशाने येणार आहेत?

"सर ना? परीक्षेची ड्युटी संपवून रात्री बाइकने येतील."

मी सरांचा नंबर मागून घेतला.